बाई, जरा बाजूला व्हा

आमच्या कन्येने पाठवलेलं खोकं उघडलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्यांच्या नातवाचं खेळणं पत्ता चुकून आपल्याकडे आलं. निळ्या प्लास्टिकचा डबा, वजन साबणाच्या वडीएवढं, पुढे भिंगसुद्धा प्लास्टिकचंच. मागचं दार उघडू नये म्हणून कडेने काळी चिकटपट्टी. याला ती कॅमेरा म्हणते. मी तीस वर्षं पूल तपासणी खात्यात फोटोग्राफर होतो. खात्याचा कॅमेरा दिवसभर खांद्याला लावून फिरलं की घरी आल्यावर खांदा काढून खुंटीला टांगावासा वाटायचा. कॅमेरा म्हणजे तो.

कन्या नोकरीला दुसऱ्या शहरात असते आणि सुट्टी मिळाली की तिसऱ्याच शहरात जाते. जाईल तिथे हे खेळणं गळ्यात. मग आम्हाला पोस्टाने फोटो येतात. एका शहरातलं घंटाघर, तिरपं, वरचं घड्याळ नेमकं कापलेलं. एक बंदर, ज्यात बंदर कुठेतरी धुक्यात आणि मधोमध कुणाचं तरी कोपर. एका चौकात उभे असलेले दोन पोलीस, त्यांच्या अंगावरून आरपार जाणारी ट्राम, कारण बाईसाहेब रीळ पुढे सरकवायला विसरल्या आणि एकावर एक दोन फोटो निघाले. चारी कोपरे काळे, कडेने उजेड शिरून जाळ लागल्यासारखं.

"हे प्रवासाचे फोटो आहेत की जळालेल्या घरातून वाचवलेले?" मी एकदा फोनवर विचारलं.

"बाबा, तू इतक्या शहरांत गेलास," ती म्हणाली, "पुलाशिवाय काही आठवतं का तुला तिथलं?"

मी आठवून पाहिलं. दोन बोगदे आठवले. ते तिला सांगितलं नाही.

माझा जास्त संताप व्हायचा तो बायकोमुळे. ती हे फोटो घेऊन खिडकीत बसायची. "इथे वारा होता," म्हणायची. माझ्या एका फोटोत तिला कधी वारा दिसला नाही. दिसणार कसा, वारा असला की मी फोटो काढतच नसे, तिपाई हलते.

बायको बस चालवते. सव्वीस वर्षं एकच मार्ग, डेपो ते पाण्याची टाकी आणि परत, मध्ये बाजार, कोर्ट, दोन शाळा आणि कालव्यावरचा पूल. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिची शेवटची पाळी होती. डेपोवाल्यांनी समारंभ ठरवला होता. तिने कळवलं की भाषण नको, पुष्पगुच्छ नको आणि फोटो तर मुळीच नको. मग कन्येने फोनवरून वाटाघाटी केल्या. तासाभराने आई कबूल झाली: फोटो चालतील, पण फक्त या निळ्या डब्याने. कन्येला रजा मिळेना, म्हणून डबा माझ्याकडे आला. सोबत एकच रीळ, बारा फोटोंचं. असलं रुंद रीळ आमच्या भागात मिळेनासं होऊन जमाना झाला.

आता फोटोग्राफर नवऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर बायको का उभी राहत नाही, हे सांगायला हवं. सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी कालव्याच्या पुलावर एक दुचाकीवाला तिच्या बसला आडवा आला. तिने बस डावीकडे दाबली आणि डावी बाजू कठड्याला घासली. दुचाकीवाला वाचला आणि पळूनही गेला. पुलाचं नुकसान झालं म्हणून आमच्या खात्याला वर्दी गेली आणि खात्याने मला पाठवलं. बरोबर आमचे मोठे साहेब. मी पोचलो तेव्हा ती गणवेशात बसला टेकून उभी होती, बरोब्बर ओरखड्यासमोर. मी मोजपट्टी ओरखड्याला लावली, तिपाई उभी केली, भिंगातून पाहिलं आणि म्हणालो, "बाई, जरा बाजूला व्हा. ओरखडा झाकला जातोय."

ती बाजूला झाली.

फोटो अप्रतिम आला. रंगाचे पोपडे मोजता येतात. पट्टीवर आकडा स्पष्ट: त्रेचाळीस सेंटिमीटर. उजव्या कडेला अर्धा खांदा आणि एक हात आलाय, तो तिचा. तो फोटो तिच्या मेमोला जोडला गेला आणि अजून तिच्या फाइलमध्ये आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीतला तिचा कामावरचा तेवढा एकच फोटो.

त्या संध्याकाळपासून तिने मला 'अहो' म्हणणं सोडलं. मी 'साहेब' झालो. "साहेब, चहा ठेवलाय." "साहेब, गॅस संपला." भांडण नाही, अबोला नाही, जेवणात मीठसुद्धा बरोबर. फक्त मी कॅमेरा उचलला की म्हणायची, "मी बाजूला होते हं, साहेब," आणि खरंच व्हायची. कन्येच्या पदवीच्या दिवशी, घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी, सगळीकडे मी, कन्या आणि जिथे ती असायला हवी तिथे भिंत. मी माफी मागितली नाही. कशाची मागायची हेच ठरत नव्हतं. ड्युटीवर होतो, साहेब शेजारी उभे होते, ओरखडा खरंच झाकला जात होता. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय.

तर शुक्रवारी मला त्या अर्ध्या खांद्याऐवजी अख्खी बायको हवी होती, स्टिअरिंगमागे, तिच्या बसमध्ये. त्यानंतर ती बस चालवणार नव्हती. पुन्हा काढू, असं म्हणायची सोय नव्हती.

खोक्यात कन्येने सूचनांची चिठ्ठी ठेवली होती. तीस वर्षं फोटो काढलेल्या माणसाला चिठ्ठी. ती मी न वाचता ड्रॉवरमध्ये सारली.

शुक्रवारी दुपारी बाराला मी डेपोत हजर. तिच्या दोन फेऱ्या होत्या, टाकीपर्यंत आणि परत. ड्रायव्हरच्या तिरक्या मागे एक एकटी सीट असते, तिथे बसलो. समोर पाटी: चालकाशी बोलू नये. वर मोठा आरसा, त्यात तिला सगळे प्रवासी दिसतात आणि मला तिचे डोळे दिसत होते. कंडक्टर तिच्याबरोबर दहा वर्षं आहे, गोल, गमत्या माणूस. माझ्या गळ्यातला निळा डबा बघून म्हणाला, "तुमचं अर्धं तिकीट फाडू का, काका?"

मी लक्ष दिलं नाही. खिशातून प्रकाशमापक काढला, चार ठिकाणी उजेड मोजला, सरासरी काढली. मग डब्यावर ते कुठे लावायचं हे पाहिलं. डब्यावर दोनच चित्रं होती, एक सूर्य आणि एक ढग. मी मापक खिशात ठेवला आणि सूर्यावर बोट सरकवलं.

खरं सांगतो, मला मजा यायला लागली. बघायचं भोक भिंगाच्या वर वेगळंच, नुसती आरपार खिडकी, त्यातून सगळं लहान आणि स्वच्छ दिसत होतं. बाजाराच्या वळणावर तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, कोपरं पसरली, तो एक घेतला. कोर्टाच्या थांब्यावर काळ्या कोटातले सहा जण एकदम चढले आणि ती मान वळवून दार बघत होती, तो घेतला. शाळेपाशी मुलं रस्ता ओलांडत होती आणि ती हनुवटी स्टिअरिंगला टेकून वाट बघत होती. मी तिला इतका वेळ सलग कधी बघितलं होतं, आठवत नाही. तिची हनुवटी टेकायची जागा झिजून चकचकीत झालीय, हे मला त्या दिवशी कळलं. बटण दाबलं की डब्यातून टिक असा आवाज यायचा, पेनचं टोपण लावल्यासारखा. मग मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चाक फिरवायचं. प्रत्येक फोटोनंतर मी आरशात बघायचो. तिचे डोळे हसत असायचे. मला वाटलं, विरघळली.

दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत बारा फोटो संपले. शेवटच्या थांब्यावर बस दहा मिनिटं थांबते. प्रवासी उतरले. तिने इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली उघडली, सावकाश प्यायली आणि म्हणाली, "साहेब, झाकण."

"कसलं झाकण?"

"भिंगावरचं."

मी डबा उलटा करून बघितला. काळ्या भिंगावर काळं झाकण. गच्च बसलेलं.

हे कुणाचंही होईल असं वाटत असेल तर तसं नाही. हे फक्त माझ्यासारख्याचंच होतं. आमच्या खात्याच्या कॅमेऱ्यात भिंगातूनच दिसतं. झाकण राहिलं तर समोर अंधार येतो, राहूच शकत नाही. तीस वर्षांत मी झाकणाचा विचार केला नव्हता. या डब्यात दिसतं एका भोकातून आणि फोटो निघतो दुसऱ्यातून, आणि मी त्या आरपार खिडकीतून आनंदाने डोकावत तीन तास काळोखाचे फोटो काढत होतो. (घरी गेल्यावर चिठ्ठी बघितली. पहिली ओळ: बाबा, आधी झाकण काढ.)

"तुला कधीपासून दिसतंय?" मी विचारलं.

"डेपोतून निघाल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने बाटलीनेच पाटीकडे खूण केली. चालकाशी बोलू नये. कंडक्टर एवढा हसला की दारात बसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, ही काय थट्टेची गोष्ट आहे का, शेवटचा दिवस आहे, एकच रीळ होतं, पोरीला काय सांगू? ती शांतपणे बाटलीचं बूच लावत होती.

"मी ओरखडा झाकत होते तर मला बाजूला व्हायला लावलंत," ती म्हणाली. "आज तुमचं अख्खं भिंग झाकलेलं. म्हटलं, बघू या साहेबांना कधी दिसतं ते."

 अकरा वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली होती आणि तेही कंडक्टरसमोर.

"सांगणारच नव्हते," ती पुढे म्हणाली. "पण शाळेपाशी तुम्ही असे बघत होतात की कसंतरी झालं. बघा काही होतंय का. अजून परतीची वाट बाकी आहे."

तेव्हा माझं डोकं चालू झालं. झाकण लावून काढलेलं रीळ म्हणजे कोरं रीळ. त्यावर उजेडाचा थेंबही पडलेला नाही. फक्त ते एका फिरकीवरून दुसऱ्या फिरकीवर उलटं गुंडाळायला हवं, आणि तेही मिट्ट काळोखात. दुपारी साडेतीनला, पाण्याच्या टाकीच्या उघड्या माळावर, उभ्या बसमध्ये.

"तुझा रेनकोट दे," मी कंडक्टरला म्हणालो.

त्याच्या रेनकोटात डबा ठेवला, त्यावर माझं जाकीट बटणं लावून गुंडाळलं, बोचकं सीटखाली सरकवलं आणि बाह्यांमधून उलटे हात आत घातले. खात्यात असताना रानात रीळ अडकलं की आम्ही हेच करायचो. तेव्हा वय तिशीचं होतं आणि गुडघे साथ द्यायचे. आता मी बसच्या फरशीवर ओणवा, ढुंगण रस्त्याकडे, दोन्ही हात कोपरापर्यंत बोचक्यात. परतीचे प्रवासी चढायला लागले. प्रत्येकाला मला ओलांडून जावं लागत होतं. एक आजीबाई थांबून वाकल्या.

"मांजर आहे का आत?"

"व्यायली का?" मागून कुणीतरी विचारलं.

"गप्प बसा," मी म्हणालो, "अजून चार वळसे आहेत."

बोटांना सगळं आठवत होतं. रिळाभोवतीचा काळा कागद कुठे संपतो, फिल्म कुठे सुरू होते, किती घट्ट ओढायची. आठवत नव्हतं ते एवढंच की रेनकोटाला खिशापाशी एक भोक होतं. ते कंडक्टरने नंतर सांगितलं. बसने हॉर्न दिला. आरशात तिचे डोळे घड्याळाकडे गेले आणि माझ्याकडे आले. मी रीळ परत लावलं, दार बंद केलं, चिकटपट्टी दाबली आणि सीटवर बसलो. झाकण काढून खिडकीबाहेर फेकलं. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. मांजर न दिसल्याने आजीबाई नाराज होत्या.

परतीच्या वाटेवर मापक नाही, नेम नाही. बस हलत होती. शाळा सुटली होती, मुलांनी बस भरून गेली. भिंगासमोर दप्तरं येत होती. कोर्टापाशी मी एक काढला आणि तेवढ्यात कंडक्टरने तिकिटासाठी हात मध्ये घातला. मी चाक फिरवत होतो, दाबत होतो, आकडे पळत होते. पुलापर्यंत आलो तेव्हा लाल खिडकीत अकरा होता.

कालव्याच्या पुलाच्या तोंडाशी सिग्नल आहे. तो लाल झाला. समोर कठडा. त्या ठिकाणचा दगड नंतर बदलला, तो अजून इतरांपेक्षा पांढरा दिसतो. हा दगड बदलल्याचे फोटोही मीच काढले होते. मी सवयीने डबा उचलला आणि कठड्याचा एक काढला. टिक. मग लाज वाटली. शेवटचे दोन उरलेत आणि त्यातला एक पुन्हा कठड्याला.

डबा मांडीवर ठेवला. आरशात ती माझ्याकडेच बघत होती.

पाठ केलेलं सगळं आठवलं. ड्युटीवर होतो, साहेब शेजारी होते. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. आलं ते भलतंच.

"त्या दिवशी लागलं होतं का तुला?" मी विचारलं.

तिने मान मागे वळवली. पाटी तिच्या डोक्यावर होती, पण या वेळी तिने तिकडे खूण केली नाही. आधी तिला कळलंच नाही मी काय विचारलं. मग कळलं आणि ती हसली. तोंड भरून, दात दाखवून, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्याने.

"आत्ता विचारताय?"

"आत्ता सुचलं."

"खांद्याला," ती म्हणाली. "डाव्या. महिनाभर हात वर जात नव्हता."

मला तो महिना आठवला. ती केस विंचरताना कण्हायची आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, वय झालं, तेल लाव. मला स्वतःचीच इतकी शरम वाटली की मी मान खाली घातली. मांडीवर डबा होता आणि त्याच्या बटणावर माझं बोट. ती हसताना ते दाबलं गेलं होतं. टिक झालेली मी ऐकलीही नव्हती.

सिग्नल हिरवा झाला. तिने बस पुलावर घेतली, कठड्यापासून व्यवस्थित अंतर ठेवून.

डेपोत समारंभ झालाच. भाषण झालं, पुष्पगुच्छ आला, तो तिने कंडक्टरच्या हातात कोंबला. मी उरलेला एक फोटो तिथे काढला आणि घरी आलो.

रविवारी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावला, रसायनं कालवली आणि रीळ धुतलं. बाहेरून तिने दोनदा विचारलं, साहेब, आंघोळीचं काय. कपड्यांच्या दोरीला चिमट्याने रीळ टांगलं आणि उजेडात धरून बघितलं. पहिले पाच रेनकोटाच्या भोकाने खाल्ले होते, पार काळे. पुढे एक दप्तर, एक कंडक्टरचा पंजा, आजीबाईंची पाठ, दोन असे की त्यात काय आहे ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. शेवटी डेपोचं छत.

आणि त्याच्या आधी एक. तेवढ्याचीच मी कागदावर मोठी प्रत काढली.

पुलावर मी चाक फिरवायला विसरलो होतो. कठडा आणि ती, एकावर एक. मांडीवरून काढल्यामुळे खालून, तिरपा. कोपरे काळे, डावीकडून उजेड शिरलेला. स्पष्ट असं काहीच नाही. पण ती अख्खी आहे. दोन्ही खांदे, स्टिअरिंग, टोपी, मागे वळलेला चेहरा, आणि ती हसतेय आणि कठड्याचे दगड तिच्या गणवेशातून आरपार जातात, तो पांढरासुद्धा. हा फोटो खात्यात दिला असता तर मला घरी बसवलं असतं. मी तो हातात धरून बाथरूममध्ये बराच वेळ उभा होतो. रडलो, असं म्हटलं तरी चालेल. रसायनांनी डोळे झोंबतात, हेही खरं आहे.

कन्येला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, हे मुद्दाम करायला लोकांना वर्षं लागतात." मी म्हटलं, मलाही अकरा लागली.

बायकोने फोटो खिडकीत नेला. उलटसुलट करून पाहिला.  मग म्हणाली, "यात पट्टी नाही."

"राहिली," मी म्हणालो. "चुकलं माझं. त्या दिवशी."

तिने मान हलवली. फ्रिजच्या दाराला चुंबकाने फोटो लावला. वाकडा लागला, डावीकडे निदान सात अंशांनी. मला वाकडं बघवत नाही. उठलो आणि सरळ करायला हात पुढे केला.

"अहो," ती म्हणाली, "हात लावू नका त्याला."

मी हात मागे घेतला. फोटो अजून तसाच वाकडा आहे.